रेफरीची आई

माझी भावजय नॉर्मा ओल्डरॉयड बोलायला लागली की आमच्या गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, असं क्रॅगबीतले लोक म्हणतात. ते खरं नाही. ती बोलते तेव्हा काही होत नाही. तावदानं थरथरतात ती ओरडते तेव्हा, आणि ती ओरडते फक्त रग्बीच्या मैदानावर.

आयुष्यभर तिनं गावच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढलं. भरलेल्या जेवणघरात शेवटच्या बाकावरच्या पोराला "कोबी संपव!" असं ऐकू जायला हवं, म्हणून तो आवाज कमावला गेला. मग रविवारी मैदानावर तो फुकट मिळायचा. पूर्वेच्या पायऱ्यांवर मधोमध एक लोखंडी कठडा आहे, तिथं तिची जागा. माझा भाऊ डग्लस गेल्यापासून तिच्या डाव्या हाताला मी उभी राहते. उजव्या हाताला कोण असेल ते सांगता येत नाही. आपलं माणूस असेल, नाहीतर पाहुण्या गावाचं. आमच्या खेळात सगळे एकाच पायऱ्यांवर उभे राहतात. मधे ना दोर, ना पोलीस. शेजारच्याच्या गावाला, त्याच्या संघाला, त्याच्या टोपीच्या गोंड्याला हवं ते बोलावं. आणि मध्यंतरात त्याच्यासाठीही चहा आणावा. हात उगारायचा नाही आणि पोरांसमोर घाण बोलायचं नाही, एवढाच नियम. तो नॉर्मानंच किती जणांना कान धरून शिकवलाय.

एक माणूस मात्र या नियमात बसत नव्हता. रेफरी.

रेफरीला कुणी चहा आणत नाही. दोन गावं एरवी एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण रेफरीनं शिट्टी वाजवली की दोघांचा गळा एक होतो. आणि आमच्याकडे तो सूर नॉर्मा लावायची. "चष्मा घरी राहिला का रे?", "शिट्टी गिळ, निदान पोटात तरी काही जाईल!", "तुझी आई कुठाय? तिला म्हणावं, पोराला घरी ने!" हा शेवटचा तिचा खास. तो आला की सगळ्या पायऱ्या तिच्यामागून ओरडायच्या. एकदा बाजारात ती गाजरं निवडत असताना पलीकडचा एक माणूस तिचा आवाज ऐकून गाजरं तशीच टाकून निघून गेला. तो रेफरी होता हे आम्हाला भाजीवाल्यानं सांगितलं. नॉर्माला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

तर अशा बाईच्या पोटी कर्स्टी जन्माला आली. चांगली खेळायची पोरगी. पण गुडघा दोनदा गेला, डॉक्टरांनी आता बास म्हटलं. वर्षभर ती नुसती खिडकीत बसून होती. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "आई, मी रेफरीचं शिकतेय."

नॉर्मानं चमचा खाली ठेवला. "कशाचं?"

"रेफरीचं. शिट्टी वाजवायचं."

"ग्लेनिस," नॉर्मा माझ्याकडे वळून म्हणाली, "ही मला दुखवायला बोलतेय, का खरंच बोलतेय?"

"खरंच बोलतेय," मी म्हटलं. मला आधीच माहीत होतं. आत्याला सगळं आधी कळतं.

मग मायलेकींमधे न बोलताच एक तह झाला. कर्स्टी शनिवारी लहान मुलांच्या सामन्यांना जायची, नॉर्मा तिकडे फिरकायची नाही. घरात शिट्टीचा विषय नाही. रविवारी नॉर्मा दुसऱ्यांच्या पोरांना शिव्या द्यायला मोकळी. असं बरं चाललं होतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमचा डनथॉर्पशी मैत्रीचा सामना असतो. मैत्रीचा म्हणजे गुण कुठे धरत नाहीत एवढंच. डनथॉर्प टेकडीपलीकडचं गाव. त्यांचा संघ काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, त्यांना आम्ही गांधीलमाश्या म्हणतो. आमचे निळे, ते एडके. त्या वर्षी ठरलेला रेफरी आपल्याच दारातल्या बर्फावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. बाकीचे रेफरी पोराबाळांत रमलेले. आम्ही नाताळचं जेवत होतो आणि कर्स्टीचा फोन वाजला. ती बाहेर गेली, परत आली तेव्हा कान लाल झालेले.

"उद्याच्या सामन्याला मला बोलावलंय."

"रेषेवर झेंडा धरायला?" नॉर्मानं विचारलं.

"नाही. शिट्टी घेऊन मधे."

"तू क्रॅगबीची आहेस! डनथॉर्पवाले चालवून घेतील?"

"त्यांच्या प्रशिक्षकाला विचारलं. तो म्हणाला, क्रॅगबीच्या पोरांना त्या ओल्डरॉयडच्या पोरीएवढा दंड अजून कुणी दिलेला नाही. पाठवा तिलाच."

नॉर्माचा चेहरा असा झाला की हसावं का रडावं ते मला कळेना. मी टर्कीत लक्ष घातलं.

"आई," कर्स्टी म्हणाली, "तू उद्या येऊ नकोस."

"डग्लसशी लग्न झाल्यापासून एकही चुकवलेला नाही."

"मग तोंड उघडायचं नाही. वचन दे."

"दिलं."

"ग्लेनिस आत्या, तू साक्षीदार."

मी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी, पण नाताळच्या दिवशी कोण बोलणार?

सकाळी नॉर्मा माझ्या दारात आली ती खिसाभर टॉफ्या घेऊन. दात चिकटून बसतात तसल्या. "एक संपली की दुसरी," ती म्हणाली. "आणि हे बघ, आपल्या कठड्यापाशी जायचं नाही. तिथं सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी सुरू करावं म्हणून वाट बघतात. आपण मटणाच्या पाईच्या टपरीकडे जाऊ."

"तिथं सगळे डनथॉर्पवाले असतात." पाहुणे कुठंही उभे राहू शकतात, पण डनथॉर्पचे लोक पिढ्यान्‌पिढ्या टपरीकडे जमतात. त्यांना पाईपासून लांब राहवत नाही असं आमचं म्हणणं.

"असू देत. तिथं मला कोण ओळखतंय?"

निळा मफलर मात्र तिनं काढला नाही. त्यामुळे काळ्या-पिवळ्या गर्दीत आम्ही दोघी लोण्यातल्या केसासारख्या दिसत होतो. शेजारी एक धिप्पाड म्हातारा होता. टोपीवर पिवळा गोंडा, हातात पाई, मिशीला रस्सा. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चुकलात का बायांनो? मेंढरांचा गोठा तिकडे."

नॉर्माच्या तोंडात टॉफी होती. मीच म्हटलं, "इथून तुमच्या लोकांचे रडवेले चेहरे जवळून दिसतात."

"वा!" तो खूश झाला. "मी सेल्विन. ही मुकी आहे का?"

"आज आहे," मी म्हटलं.

सामना सुरू झाला. कर्स्टी मधे धावत होती, त्या दांडग्या पुरुषांत चिमणीएवढी. केस घट्ट बांधलेले, गुडघ्याला पट्टी. नॉर्मानं माझा हात असा पकडला की दुसऱ्या दिवशी निळे वळ उठले. पहिली दहा-पंधरा मिनिटं बरी गेली. मग कर्स्टीनं डनथॉर्पच्या एका गड्याच्या हातून चेंडू पुढे निसटला म्हणून शिट्टी वाजवली, आणि आमच्या आजूबाजूला मोहोळ उठलं.

"चष्मा घरी राहिला का गं?" सेल्विन गरजला.

नॉर्मा दचकली. आपलीच चप्पल दुसऱ्याच्या पायात दिसावी तशी ती बघायला लागली.

"शिट्टी नीट धर, नाहीतर मेंढरू खाईल!" मागून कुणीतरी.

नॉर्मानं दुसरी टॉफी कोंबली. मग तिसरी. तिचे दोन्ही गाल फुगले. आणि तेवढ्यात सेल्विननं छाती भरून घेतली आणि ओरडला, "हिची आई कुठाय? तिला म्हणावं, पोरीला घरी ने!"

सगळ्या टपरीनं ते उचललं. "आई कुठाय? आई कुठाय?"

नॉर्मानं तोंडातला सगळा ऐवज हातमोज्यात काढला.

"इथं आहे!" ती म्हणाली. म्हणाली म्हणजे जेवणघरातल्या शेवटच्या बाकापर्यंत गेलं. "मी तिची आई! आणि चष्मा तिला सातवीपर्यंत होता, आता ती डोळ्यात भिंगं घालते! आणखी काही विचारायचंय?"

सेल्विनच्या हातातली पाई वाकडी झाली आणि रस्सा त्याच्या बुटावर गळायला लागला.

"बाईसाहेब," तो अखेर म्हणाला आणि चक्क टोपी काढली, "मला कल्पना नव्हती."

"आता आहे."

"पण चेंडू पुढे निसटला नव्हता हो."

"निसटला होता."

"थोडासा," सेल्विननं कबूल केलं.

त्यानंतर तिथं जे चाललं तसं मी कुठल्याही मैदानावर पाहिलं नाही. डनथॉर्पवाल्यांना ओरडायचं तर होतं, पण आईदेखत कसं ओरडणार? मागच्या पायरीवरून आवाज यायचे, "रेफरी, डोळे... माफ करा हं मावशी... डोळे जरा तपासून घ्या!" एक जाडजूड पोरगा "अगं ए आंधळे" म्हणून अडला, नॉर्माकडे बघितलं आणि "कोशिंबिरी" असं काहीतरी पुटपुटून खाली बसला. कुणीतरी नॉर्माला चहा आणून दिला. कुणी विचारलं, पोरीच्या गुडघ्याला काय झालंय? नॉर्मानं दोन्ही ऑपरेशनं सविस्तर सांगितली. एका बाईनं हंसाच्या चरबीचं मालिश सुचवलं. तोवर डनथॉर्पनं रेषेपलीकडे चेंडू टेकवून एक ट्राय केला तो निम्म्यांनी पाहिलाच नाही.

मध्यंतरानंतर मात्र वारा फिरला. आता कर्स्टी आमच्या एडक्यांना दंड द्यायला लागली. एकदा दिला, दोनदा दिला, आणि आमच्याच कठड्याकडून, जिथं आम्ही इतकी वर्षं उभ्या राहिलो तिथून, रॉय बेन्सनचा आवाज आला, "घरी जाऊन भांडी घास, पोरी! तुझं काम नाही ते!"

रॉयला लहानपणी नॉर्मानं रोज दुसऱ्यांदा पुडिंग वाढलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती काही बोलली नाही. वचनामुळे नव्हे, मला वाटतं तिला आवाजच सापडेना.

सेल्विनला सापडला. "ए निळ्या टोपीवाल्या!" तो मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडला. "चुकली तर चुकली म्हण! भांड्यांचं काय काढतोस? तुझ्या घरची भांडी कोण घासतं ते आम्हाला ठाऊक नाही का?"

"कोण घासतं?" त्याच्या मागच्यानं विचारलं.

"मला काय माहीत! पण त्याला वाटलं ना मला माहीत आहे." आणि खरंच, रॉय बेन्सन खाली बसलेला दिसत होता, आणि आमच्याच कठड्यावरची माणसं त्याला काहीबाही सुनावत होती.

नॉर्मानं सेल्विनच्या हातात एक टॉफी ठेवली. एवढंच.

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. चेंडू आमच्याकडे. एक पास, दुसरा पास, आमचा कोपऱ्यातला पोरगा आमच्या समोरूनच सुटला, चिखलातून घसरत रेषेपलीकडे गेला आणि चेंडू टेकवला. ट्राय! मी उडी मारली. नॉर्मानं उडी मारली. सेल्विननं कपाळावर हात मारला.

शिट्टी वाजली. कर्स्टी हातानं खूण करत होती की शेवटचा पास पुढे फेकला गेला. आमच्या खेळात चेंडू हातानं पुढे देता येत नाही, मागेच द्यावा लागतो. ट्राय रद्द.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. माझा हात एकदम मोकळा झाला. निळा मफलर मैदानाच्या कुंपणाखालून गेला. माझी अडुसष्ट वर्षांची भावजय वाकून, पाठ धरून, मैदानावर उतरली आणि चिखल तुडवत थेट मधे निघाली.

"इथून!" ती बूट आपटून दाखवत होती. "इथून सुटला चेंडू! आणि इथं त्यानं धरला! ही बघ खूण! हे मागे आहे का पुढे?"

दोन्हीकडचे तेरा-तेरा, सव्वीस खेळाडू जागच्या जागी थांबले.

"बाई, मैदानाबाहेर व्हा," कर्स्टी म्हणाली.

"बाई? मी तुझी आई आहे!"

"आई, मैदानाबाहेर हो."

"ट्राय दे, मग जाते."

"नॉर्मा मावशी," आमचा कर्णधार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "जा ना. घाम थंड पडतोय माझा."

कर्स्टीनं खिशात हात घातला, लाल कार्ड काढलं आणि हात ताठ करून आपल्या आईच्या डोक्यावर धरलं.

एवढा आवाज त्या मैदानावर कधी झाला नसेल. निळे, पिवळे, सगळे एकदम. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. रेफरीला टाळ्या मिळताना मी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं. नॉर्मानं कार्डाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मफलर सारखा केला आणि राणीसारखी चालत खेळाडूंच्या बोगद्याकडे निघाली. क्लिफर्ड नावाचा रखवालदार तिला दारापर्यंत सोडायला गेला. तोही तिच्या हातचं जेवलेला. "सॉरी हं," तो सारखं म्हणत होता. "नियम आहे."

मी धावत बाहेर गेले तर माझ्यामागून सेल्विन. एका हातात नॉर्माचा चहा, दुसऱ्यात नवी पाई.

"तुमचा सामना सोडून आलात?" मी विचारलं. "जिंकताय ना!"

"एकटं कसं सोडायचं त्यांना?" तो म्हणाला. "आणि पाई गरम आहे."

आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे राहिलो. आतलं काही दिसत नव्हतं, नुसते आवाज. एक हुंकार उठला, मग विरला. मग लांब शिट्टी, आणि टपरीच्या बाजूनं आरोळी. डनथॉर्प जिंकलं होतं.

सेल्विननं ओठ घट्ट मिटले. मिशी थरथरत होती.

"आनंद झालाय तर ओरडा की," नॉर्मा म्हणाली.

"नको, नको."

"ओरडा म्हणते ना."

मग त्यानं एक बारीकसं "हुर्रे" केलं आणि पाईचा तुकडा मोडून तिला दिला.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात गार टर्की, लोणच्यातले कांदे आणि शांतता होती. कर्स्टी आंघोळ करून आली, आईसमोर बसली.

"पास पुढेच होता," ती म्हणाली.

"नव्हता."

"आत्या, तू सांग."

"मी तेव्हा पाईकडे बघत होते," मी म्हटलं. मला दोघींबरोबर राहायचंय.

कर्स्टीनं एक कांदा उचलला. "सुरुवातीला आपल्या कठड्याकडे बघितलं, तू दिसली नाहीस. वाटलं, सुटले. मग थोड्या वेळानं वाटायला लागलं, आई आलीच नाही की काय. शिट्टी वाजवताना हात जड झाला माझा. आणि एकदम टपरीकडून तुझा आवाज आला. माझ्या चष्म्याचं सगळ्या जगाला सांगत होतीस."

"लाज वाटली?"

"हो. पण मग बरं धावता आलं."

नॉर्मानं काटा बशीत ठेवला. "ग्लेनिस," ती मग मला म्हणाली, "त्या सगळ्यांना आया असणार, नाही का गं? इतक्या वर्षांतल्या सगळ्या रेफरींना?"

"असणारच."

"मग त्या तिथं उभ्या होत्या तर मला सांगायचं नाही का त्यांनी!" ती चिडून म्हणाली, आणि उठून चहा टाकला.

लाल कार्डाबद्दल तिला एक सामना मैदानबंदी झाली. त्या रविवारी ती घरात राहिली आणि शेजाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे रेडिओवर ओरडली. रॉय बेन्सन त्याच आठवड्यात तिच्या दाराशी केक घेऊन आला. केक बायकोनं केला होता. नॉर्मानं केक ठेवून घेतला, त्याला दारातच उभा करून काय सुनावायचं ते सुनावलं, आणि मग आत घेतलं.

कर्स्टीला मोठ्यांचे सामने मिळायला लागले, कधी दोन खोरी पलीकडे, कधी समुद्राकडे. आता शनिवारी आम्ही बसनं तिच्यामागून जातो. कधीमधी सेल्विन गाडीतून नेतो, आणि वाटभर दोघं त्या पासवर भांडतात. फेब्रुवारीत एका परक्या गावात आम्ही लाकडी खुर्च्यांवर बसलो होतो. नॉर्माच्या एका बाजूला मी आणि पलीकडे तांबड्या मफलरचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला हिरव्या टोपीचा एक सज्जन माणूस, मांडीवर पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी. त्यानं पुडी तिच्यापुढे धरली आणि अदबीनं विचारलं, "तुम्ही कुणाकडून? तांबड्यांकडून की आमच्याकडून?"

"मी रेफरीकडून," नॉर्मा म्हणाली आणि गोळी घ्यायला हात पुढे केला.

त्या माणसानं तिच्याकडे नीट पाहिलं. पुडी हळूच मिटली, उठला आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसला.